डॉ. आयडा स्कडर

औषध सर्वांसाठी एकच असले, तरी ते घेणारी माणसे एकसारखी नसतात. प्रत्येकाची भाषा, श्रद्धा, लाजमर्यादा आणि घरची रीत निराळी असते. ही भिन्नता ध्यानात घेतली नाही, तर हाताशी असलेला उपचारही रुग्णापर्यंत पोहोचत नाही. आयडा स्कडर यांना हे एका रात्रीत उमगले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

आयडा यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी आजच्या तमिळनाडूतील राणीपेट येथे झाला. त्यांचे आजोबा अमेरिकेतून आलेले मिशनरी डॉक्टर होते. वडील जॉन स्कडर हेही डॉक्टरच होते. आयडांना मात्र भारतात राहण्याची इच्छा नव्हती. अमेरिकेत शिकावे आणि तेथेच संसार थाटावा, असे त्यांच्या मनात होते. १८९० च्या सुमारास आईच्या आजारपणामुळे त्या तिंडिवनम या गावी आल्या, त्याही थोड्या काळापुरत्या.

तेथे एका रात्री एकामागून एक तीन पुरुष दाराशी आले. एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान आणि तिसरा उच्च जातीतील हिंदू. तिघांच्याही तरुण पत्नी बाळंतपणात अडल्या होत्या. वडिलांना नेण्यास आयडांनी सुचवले; परंतु परपुरुषाने घरातील स्त्रीला तपासावे, हे त्यांच्या रीतीत बसणारे नव्हते. त्यांना मदतीसाठी स्त्रीच हवी होती आणि आयडांना तर वैद्यकाचे ज्ञान नव्हते. तिघेही तसेच परतले. सकाळी कळले, की तिन्ही स्त्रिया दगावल्या होत्या.

गावात डॉक्टर असूनही तीन जीव गेले होते. आयडांनी त्या कुटुंबांना दोष देऊन हा विषय संपवला नाही. रूढी बदलण्यास पिढ्या लागतात, पण अडलेल्या स्त्रीला तेवढा अवधी नसतो. तिच्यापर्यंत पोहोचायचे, तर स्त्री डॉक्टरच हवी, हे त्यांनी ओळखले. त्या अमेरिकेला परतल्या आणि १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या.

१९०० मध्ये त्यांनी वेल्लोर येथे एका खाटेचा लहानसा दवाखाना सुरू केला. त्याच वर्षी वडील निवर्तले आणि सारा भार त्यांच्यावर पडला. न्यूयॉर्कच्या एका धनिकाने पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९०२ मध्ये स्त्रियांसाठी चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले. तरीही दूरच्या खेड्यांतील रुग्णांना शहर गाठणे अवघड होते. म्हणून डॉ. आयडा स्वतःच औषधे घेऊन ठरलेल्या दिवशी गुडियात्तमच्या रस्त्याने जाऊ लागल्या. वाटेतील झाडांच्या सावलीत रुग्ण जमत आणि तेथेच त्यांची तपासणी होई.

एकट्या डॉक्टरने हे काम पुरे होणारे नव्हते. याच मातीतील, लोकांची भाषा व चालीरीती जाणणाऱ्या मुली या कामासाठी तयार झाल्या पाहिजेत, असे त्यांना वाटे. त्यासाठी १९०९ मध्ये परिचारिकांचे आणि १९१८ मध्ये मुलींचे वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. १९२२ मध्ये चौदा विद्यार्थिनींची पहिली तुकडी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. ज्या काळी मुलीने शाळेत जाणेही अनेकांना रुचत नसे, त्या काळी हे घडले. रूढीचा मान राखून सुरू झालेल्या कामाने रूढीलाच हळूहळू नवे वळण दिले.

पुढे १९४७ मध्ये तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा लौकिक देशभर पसरला. मे १९६० मध्ये कोडाईकनाल येथे डॉ. आयडा यांचे निधन झाले. ज्या तीन स्त्रियांना त्या वाचवू शकल्या नाहीत, त्यांच्यासारख्या असंख्य स्त्रियांसाठी उपचाराचे दार त्यांनी उघडून ठेवले होते.