नारायण मेघाजी लोखंडे
नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी, १८९७) हे भारतीय कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांचा जन्म ठाणे येथे झाला. गिरणीतील नोकरीत त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. १८८४ मध्ये मुंबईत त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, दरमहा १५ तारखेपर्यंत पगार व कामावर जखमी झालेल्यांना भरपाई या तिच्या मागण्या होत्या. आज त्या अगदी साध्या वाटतात. परंतु केवळ रविवारच्या सुटीसाठी सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. प्लेगच्या साथीत असंख्य लोक मुंबई सोडून जात असताना लोखंडे रुग्णसेवेसाठी शहरातच राहिले. त्याच रोगाने त्यांचे निधन झाले.