रिश्टरसाहेब आणि एकोणिसावा मजला

आमचे आपटा गाव तसे शांत. पाताळगंगेचा काठ, जवळच कर्नाळ्याचा सुळका आणि सिनेमावाल्यांना मोह पाडणारे छोटेसे रेल्वे स्टेशन. पण गाडीत बसून पनवेलच्या दिशेने निघाले, की भातखाचरे संपायच्या आत उंच उंच इमारती दिसू लागतात. अशाच एका इमारतीत, एकोणिसाव्या मजल्यावर, माझ्या पुतण्याने घर पाहून ठेवले. टोकन देण्यापूर्वी तो वहिनींना घेऊन माझ्याकडे आला. सोबत गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका होती. पोहण्याचा तलाव, बाग, व्यायामशाळा यांच्या खाली एक ओळ होती, की ही इमारत आठ रिश्टरचा भूकंप सहन करील.

त्या ओळीवर वहिनींचे बोट थांबले होते. त्यांचे माहेर लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपेत असताना, त्यांच्या माहेरची दोन माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. आठ आकडा पाहून त्यांना धीर आला होता. मला मात्र ती ओळ वाचून रिश्टरसाहेबांची कीव आली. ज्या गैरसमजाशी हा माणूस जन्मभर झगडला, तोच त्याच्या नावानिशी छापला होता!

रिश्टर हे नाव आज घराघरात ठाऊक आहे, पण त्या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता हे कितीजणांना माहीत असते? चार्ल्स फ्रान्सिस रिश्टर यांचा जन्म २६ एप्रिल १९०० रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका खेड्याजवळ झाला. आईवडील लवकरच विभक्त झाले. रिश्टर हे आडनावही आईकडचे. आजोबांनी नातवाला सांभाळले आणि १९०९ मध्ये सारे कुटुंब लॉस एंजेलिसला आले. मुलगा अबोल, बुजरा, रात्री आकाशातले तारे बघत बसणारा. स्टॅनफर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर मनाचे स्वास्थ्य बिघडले आणि काही काळ वाया गेला. पुढे कॅलटेकमध्ये ते पीएच. डी. साठी दाखल झाले. अणूच्या अंतरंगात शिरायचे, हे त्यांचे स्वप्न.

पण दैवाने वेगळेच वाढून ठेवले होते. १९२७ मध्ये पासाडेनाच्या नव्या भूकंप प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होती. नोबेल विजेते रॉबर्ट मिलिकन यांनी ती या तरुणाला देऊ केली. तात्पुरती म्हणून धरलेली ही नोकरी त्यांना जन्मभर पुरली. पुढच्याच वर्षी पीएच. डी. झाली, लिलियन यांच्याशी लग्नही झाले.

काम कंटाळवाणे होते. यंत्रांनी कागदावर काढलेल्या नागमोडी रेघा मोजायच्या आणि भूकंपांची यादी करायची. पण कोणता भूकंप मोठा, कोणता लहान, हे ठरवायचे कसे? तोवरची पद्धत होती नुकसानीवरून अंदाज बांधण्याची. म्हणजे गजबजलेल्या शहराखालचा लहान धक्का मोठा ठरे, आणि ओसाड वाळवंटातला मोठा धक्का लहान! रिश्टरनी १९३५ मध्ये नवी मोजपट्टी मांडली. यंत्रावरची रेघ किती हलली आणि केंद्र किती दूर होते, यांचा मेळ घालून एकच आकडा काढायचा. ताऱ्यांच्या तेजासाठी खगोलशास्त्रात जो शब्द वापरतात, तोच त्यांनी इथे घेतला. तारे बघणारा मुलगा असा जमिनीच्या पोटात उतरला.

या पट्टीत एक अंक वाढला की रेघेची उंची दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. या कामात ज्येष्ठ सहकारी बेनो गुटेनबर्ग यांचा मोठा वाटा होता, पण नाव राहिले ते रिश्टरचे. शास्त्रज्ञ आज मोठ्या भूकंपांसाठी १९७० च्या दशकात तयार झालेले वेगळे मापन वापरतात. बातम्यांत मात्र अजून रिश्टरच.

आता मुद्द्याची गोष्ट. हा आकडा भूकंपाचा आहे, इमारतीचा नव्हे. दिवा किती वॅटचा हे एक, आणि आपल्या पुस्तकावर उजेड किती पडतो हे दुसरे. दिवा जवळ की दूर, मध्ये आडोसा आहे की नाही, यावर ते ठरते. आठचा भूकंप हजारो किलोमीटर दूर झाला तर आपला चहासुद्धा हिंदकळणार नाही, आणि सहाचा पायाखाली झाला तर गाव उठेल. म्हणून आठ रिश्टरची इमारत या शब्दांना काही अर्थच नाही.

रिश्टरना हे पुस्तकातून नव्हे, डोळ्यांनी पाहून कळले होते. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी लाँग बीच गावाजवळ भूकंप झाला. विटांच्या शाळा पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. सुदैवाने मुले घरी गेली होती. दोनतीन तास आधी धक्का बसता तर काय झाले असते, या विचाराने सरकार हादरले आणि महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी कडक कायदा झाला. भूकंप माणसे मारीत नाही, पडणारी घरे मारतात, हा धडा रिश्टर पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

भूकंपाचे भविष्य वर्तवणाऱ्यांवर त्यांचा फार राग. तारीख विचारीत बसण्यापेक्षा भिंती नीट बांधा, असे त्यांचे सांगणे असे. घराच्या दिवाणखान्यातच त्यांनी भूकंपमापक यंत्र बसवले होते. पाहुण्यांना ते विचित्र वाटे, लिलियनबाईंनी ते निभावून नेले. त्यांच्या आग्रहामुळे लॉस एंजेलिसमध्ये १९६० च्या दशकात सरकारी इमारतींवरच्या जड कंगोरे-नक्ष्या काढण्यात आल्या. रिश्टर १९७० मध्ये निवृत्त झाले आणि ९ फेब्रुवारी १९७१ च्या पहाटे सान फर्नांडोचा भूकंप झाला. कंगोरे काढल्यामुळे अनेक जीव वाचले, हे नगरपालिकेने मान्य केले. पण नुकत्याच बांधलेल्या एका मोठ्या रुग्णालयाचे खालचे मजले दुबळे निघाले आणि इमारत निकामी झाली.

तो भूकंप साडेसहाच्या आसपासचा होता, माणसे दगावली सुमारे पासष्ट. किल्लारीचा ६.२ चा, म्हणजे लहानच. तिथे साडेसात हजारांहून अधिक गेली. फरक कशाचा? जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद. आकडा नव्हे, छप्पर अंगावर आले.

मग काँक्रीटचे टॉवर सुरक्षित का? तेही आपोआप नाहीत. २६ जानेवारी २००१ रोजी भूज भागात भूकंप झाला आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या अनेकांच्या तळाला पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. वरती भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली काटकुळे पाय! मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ रोजी याहून दूरच्या भूकंपाने जुन्या तळ्याच्या मऊ गाळावरच्या इमारती पाडल्या, कारण त्या गाळाचे हेलकावे आणि मध्यम उंचीच्या इमारतींचे झुलणे यांचा ताल जुळला. खाडीकाठी भराव घालून बांधणाऱ्या आपल्या मुलखाने हे विसरू नये. त्यानंतर अकराच दिवसांनी, ३० सप्टेंबर १९८५ रोजी, रिश्टर पासाडेनात वारले. बरोबर आठ वर्षांनी, त्याच तारखेला, किल्लारी झाली.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. भूकंपाचा विचार करून इमारत आखण्याचे भारतीय मानक, आय. एस. १८९३, पहिल्यांदा १९६२ मध्ये आले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने दख्खनचा दगड अचल असल्याचा समज मोडला आणि नकाशे बदलले. किल्लारीच्याच वर्षी, १९९३ मध्ये, सळयांच्या जोडणीचे मानक आय. एस. १३९२० निघाले. २०१६ च्या आवृत्तीनुसार पनवेल-मुंबईचा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येतो. कोकणात बेसाल्टचे थर जिथे समुद्राकडे वाकले आहेत, त्या वाकाला भूवैज्ञानिकांनी नावच पनवेलचे दिले आहे. घाबरायचे कारण नाही, पण बेफिकीर राहायचेही नाही.

म्हणून मी पुतण्याला आकडा विसरायला सांगितले आणि चार प्रश्न लिहून दिले. आराखडा कोणत्या झोनसाठी आणि मानकाच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे केला? तळाच्या पार्किंगमध्ये काँक्रीटच्या भिंती, ज्यांना इंजिनियर शिअर वॉल म्हणतात, त्या पायापासून वरपर्यंत सलग आहेत का? जमिनीची तपासणी झाली का? आणि कॉलमच्या रिंगांची टोके आतल्या काँक्रीटमध्ये १३५ अंशांत वळवली आहेत का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण धक्क्यात रिंग उघडली की उभ्या सळया वाकतात आणि कॉलम फुटतो. सेंट्रिंगवर रिंगेचे टोक वाकवणाऱ्या कारागिराच्या दोन मिनिटांत एकोणीस मजल्यांचे भवितव्य असते.

विक्री कार्यालयातल्या मुलाला यातले काहीच सांगता आले नाही. बिचाऱ्याचा तो दोषही नाही. आठवड्याने तिथल्या आर. सी. सी. सल्लागारांची भेट मिळाली. त्यांनी नकाशे पसरले, तळापासून गेलेल्या भिंती दाखवल्या आणि पुस्तिकेतल्या त्या ओळीबद्दल स्वतःच खजील झाले. रिंगांचे उत्तर कागदावर नको, जागेवर बघू, असे पुतण्या म्हणाला. पुढच्या स्लॅबच्या आधी आम्हाला बोलावणार आहेत. टोकन अजून दिलेले नाही.

वहिनी त्या दिवशी एकच गोष्ट करून आल्या. पार्किंगमधल्या त्या काँक्रीटच्या भिंतीला त्यांनी तळहात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.