रुपयाला सोळा आणे : मार्क ट्वेनची गोष्ट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला सांगितलं. नेहमीच्या नावांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय, म्हणून मी जरा लांबचा माणूस निवडला. मार्क ट्वेन. आपल्या मुलांना 'टॉम सॉयर'मुळे तो माहीत असतो, मोठ्यांना विनोदी लेखक म्हणून. मला मात्र त्याच्या पुस्तकांइतकीच त्याची खातेवही महत्त्वाची वाटते. माझी ३१ वर्षं बँकेत गेली, त्यामुळे ही खोड असेल. काउंटरच्या या बाजूला बसून मी पैसे गमावलेली बरीच माणसं पाहिली. गेलेल्या पैशाचं दुःख काही काळाने निवतं. पण 'मी असा कसा वागलो' हा प्रश्न रात्री-अपरात्री उठवतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. ट्वेनने या प्रश्नाचं काय केलं, एवढंच मला सांगायचंय.

त्याचं खरं नाव सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला. वडिलांनी टेनेसीमध्ये हजारो एकर जमीन स्वस्तात घेऊन ठेवली होती. एक दिवस या जमिनीचं सोनं होईल आणि मुलं श्रीमंत होतील, हे घरात सतत बोललं जायचं. जमिनीचं सोनं कधीच झालं नाही. सॅम ११ वर्षांचा असताना वडील वारले आणि पोराला छापखान्यात खिळे जुळवायला जावं लागलं. हातात तुटपुंजी मजुरी आणि डोक्यात एका फटक्यात श्रीमंत होण्याचं स्वप्न, अशी त्याची सुरुवात झाली. हे स्वप्न त्याला वारसाहक्काने मिळालं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे तो मिसिसिपी नदीवर बोटीचा पायलट झाला. यादवी युद्धामुळे नदीवरची वाहतूक बंद पडली तेव्हा नेवाडात चांदी शोधायला गेला. चांदी सापडली नाही, पण तिथल्या वर्तमानपत्रात लिहिता लिहिता लेखक सापडला. 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव १८६३ चं. १८७० मध्ये त्याचं ऑलिव्हिया लँगडनशी लग्न झालं. तो तिला लिव्ही म्हणायचा. ती कोळशाच्या मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी. हार्टफर्ड गावात त्यांनी हौसेने मोठं घर बांधलं. पहिला मुलगा लहानपणीच गेला, नंतर सूझी, क्लारा आणि जीन या तीन मुली झाल्या. पुस्तकं खपत होती, व्याख्यानांना गर्दी होत होती. एवढ्यावर माणूस सुखाने राहिला असता.

पण नवीन यंत्र दिसलं की ट्वेनचा हात खिशाकडे जायचा. स्वतःही तो शोध लावायचा. आपोआप चिकटणाऱ्या चिकटवहीचं त्याचं पेटंट १८७३ चं आहे आणि त्यातून त्याला चार पैसेही मिळाले. गंमत अशी, की टेलिफोनचे शेअर घ्यायला मात्र आपण नकार दिला, असं तो स्वतःच सांगायचा. नको तिथे विश्वास आणि हवा तिथे संशय. आपल्यातल्या पुष्कळांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

१८८० च्या सुमारास त्याची गाठ जेम्स पेज नावाच्या संशोधकाशी पडली. पेजचं यंत्र छपाईचे खिळे आपोआप जुळवणार होतं. यंत्रात सुटे भाग तब्बल १८,००० च्या आसपास. ट्वेनने स्वतः लहानपणी खिळे जुळवले होते, त्यामुळे हे काम किती वेळखाऊ आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि इथेच तो फसला. या धंद्यातलं आपल्याला कळतं, ही खात्रीच त्याला नडली. पेज हुशार होता, बोलण्यात गोड होता, पण त्याचं समाधान होत नसे. यंत्र चालू झालं की तो सुधारणेसाठी पुन्हा खोलायचा. एकेकाळी ट्वेन यात महिन्याला सुमारे ३,००० डॉलर ओतत होता. आधीचे गेलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे घालायचे, असं ते चक्र होतं. तोवर मर्गेनथेलरचं लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात कामाला लागलंही होतं. पेजच्या यंत्रात ट्वेनचे दीड लाख डॉलरहून जास्त गेले. काही अभ्यासक हा आकडा तीन लाखांपर्यंत नेतात.

दुसरा खड्डा प्रकाशनाचा. दुसऱ्यांनी नफा का खावा म्हणून त्याने १८८४ मध्ये स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि भाचीचा नवरा चार्ल्स वेबस्टर याच्या हाती कारभार दिला. सुरुवात दणक्यात झाली. माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट हे एका भामट्या भागीदारामुळे पार बुडाले होते. त्यात घशाचा कॅन्सर. बायकोच्या हाती काही राहावं म्हणून त्या अवस्थेत ते आठवणी लिहीत होते. पुस्तक हातावेगळं केल्यावर थोड्याच दिवसांत, जुलै १८८५ मध्ये, ते गेले. ट्वेनच्या कंपनीने ते पुस्तक छापलं आणि ग्रँटबाईंना पहिलाच चेक २ लाख डॉलरचा दिला. बुडालेला माणूस लेखणीच्या जोरावर देणं कसं फेडतो, हे ट्वेनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दहा वर्षांनी तीच पाळी आपल्यावर येईल, हे तेव्हा त्याच्या स्वप्नातही नसेल.

पुढची पुस्तकं तशी चालली नाहीत. हप्त्याहप्त्याने विकायच्या एका जाडजूड ग्रंथमालेत कंपनीची रोकड अडकली. १८९१ मध्ये खर्च झेपेना म्हणून हार्टफर्डचं घर बंद करून कुटुंब युरोपात राहायला गेलं. १८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या. १८ एप्रिल १८९४ रोजी ट्वेनच्या कंपनीने दिवाळं जाहीर केलं. देणं लाखभर डॉलरच्या घरात, आणि ज्यांचं देणं होतं असे लोक शंभराच्या आसपास. त्याच वर्षाच्या शेवटी पेजचं यंत्रही शिकागोच्या चाचणीत पडलं. वय ५९.

आता पश्चात्तापाबद्दल. ट्वेनसारखा मोठ्या मनाचा माणूससुद्धा आधी दुसऱ्यांवर खापर फोडत होता. वेबस्टर तर १८९१ मध्येच वारला होता, तरी त्याच्यावरचा राग ट्वेनने आयुष्यभर सोडला नाही. पेजबद्दल त्याने जे लिहून ठेवलंय ते इथे छापण्याजोगं नाही. या रागाने त्याचं एक डॉलरचंही देणं कमी झालं नाही. मी बँकेत हेच पाहत आलो. बुडालेला माणूस एक तर दुसऱ्याला शिव्या देतो, नाही तर स्वतःला. दोन्हीत दिवस जातो आणि हिशोब तसाच पडून राहतो.

ट्वेनला यातून बाहेर काढलं हेन्री रॉजर्स या गृहस्थाने. स्टँडर्ड ऑइल कंपनीतला हा बडा माणूस धंद्यात कठोर म्हणून प्रसिद्ध होता, पण ट्वेनचा चाहता. १८९३ मध्ये ओळख झाली आणि त्याने ट्वेनचे सगळे कागद मागवून घेतले. कुणाचं किती देणं, कुठे काय अडकलंय, याचा त्याने नीट हिशोब मांडला. पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावावर केले, म्हणजे ते लिलावात जाऊ नयेत. यंत्राचा नाद संपला, हेही त्यानेच ट्वेनला स्पष्ट सांगितलं. ट्वेनने ते ऐकलं. माझ्या मते त्याच्या सावरण्याची सुरुवात इथे झाली. आपली अब्रू झाकत न बसता सगळे कागद त्याने दुसऱ्यापुढे ठेवले.

कायद्याने पाहिलं तर निम्म्या रकमेवर तडजोड करता आली असती, रुपयाला आठ आणे. लिव्हीला ते मान्य नव्हतं. लेखकाचं भांडवल म्हणजे त्याचं नाव, ते राखायला हवं, असं रॉजर्सचंही मत पडलं. पूर्ण रक्कम, रुपयाला सोळा आणे फेडायची, असं ठरलं. जुलै १८९५ मध्ये ट्वेन जगभर व्याख्यानं द्यायला निघाला. व्याख्यानांचे दौरे त्याला मनापासून नकोसे होते, त्यात तब्येत बरी नव्हती. सोबत लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा. सूझी आणि जीन मागे राहिल्या.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन करत जानेवारी १८९६ मध्ये हे कुटुंब आपल्या मुंबईत उतरलं. मुक्काम काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. ती इमारत पडक्या अवस्थेत का होईना, पुष्कळांनी पाहिली असेल. आल्या आल्या तो खोकल्याने अंथरुणाला खिळला. हॉटेलभोवतीच्या कावळ्यांच्या गमती त्याने पुढे रंगवून लिहिल्या आहेत. बरं वाटताच नॉव्हेल्टी थिएटरात उभा राहिला. मग पुणे, बडोदा, पुढे थेट कलकत्ता, दार्जिलिंगपर्यंत. समोर बसलेले लोक खळखळून हसत होते आणि प्रत्येक हशाबरोबर त्याचं थोडं थोडं देणं फिटत होतं.

दौरा दक्षिण आफ्रिकेत संपवून तो इंग्लंडला पोचला आणि घात झाला. १८ ऑगस्ट १८९६ रोजी सूझी हार्टफर्डच्या घरात मेंदूज्वराने गेली. वय २४. लिव्ही आणि क्लारा तिच्याकडे जायला बोटीवर होत्या, बाप इंग्लंडमध्ये एकटा. आपण पैसे घालवले नसते तर घर बंद झालं नसतं, ताटातूट झाली नसती, हा विचार त्याला खात राहिला. पैशाचं देणं फेडता येतं, याची परतफेड कुणाकडे करणार? या पश्चात्तापावर ट्वेनलाही औषध सापडलं नाही, आणि सापडलं असं मी लिहिणार नाही. त्याने एवढंच केलं, की लंडनमध्ये दार लावून घेऊन प्रवासाचं पुस्तक लिहीत बसला. दुःख ओसरायची वाट पाहिली असती तर ते पुस्तक झालंच नसतं. १८९७ मध्ये ते निघालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी वर्गणी गोळा करायला घेतली. घरच्यांना ते पटलं नाही आणि त्याने मदत नाकारली.

१८९८ च्या सुरुवातीला शेवटच्या माणसाचे पैसे चुकते झाले. देणं फिटल्याची त्या लोकांची पत्रं आली, ती लिव्ही पुन्हा पुन्हा वाचत होती. सूझी गेल्यानंतरचा तिचा पहिला आनंदाचा दिवस तोच, असं ट्वेनने रॉजर्सला कळवलं. १९०० मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा न्यूयॉर्कने त्याला डोक्यावर घेतलं.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. पण देणं फिटतंय न फिटतंय तोच, व्हिएन्नामध्ये गालिच्याची नक्षी विणणाऱ्या एका यंत्राने ट्वेन पुन्हा भारावला आणि लाखोंच्या गोष्टी करू लागला. रॉजर्सने थंड डोक्याने पाणी ओतलं म्हणून ते टळलं. पुढे दुधाच्या पावडरीच्या एका कंपनीत त्याने हजारो डॉलर घातलेच, आणि तेही बुडाले. म्हणजे पश्चात्तापाने त्याचा स्वभाव बदलला नव्हता. फरक एकच होता. आता मोठी रक्कम रॉजर्सच्या देखरेखीखाली होती, त्यामुळे चूक झाली तरी घर बुडालं नाही. १९०४ मध्ये लिव्ही गेली, १९०९ मध्ये रॉजर्स आणि धाकटी जीन. २१ एप्रिल १९१० रोजी ट्वेन वारला तेव्हा त्याने मागे चार लाख डॉलरहून जास्त मालमत्ता ठेवली होती.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या काळात आपल्या चार विंगमध्येही कुणाचे शेअरमध्ये गेले असतील, कुणाचे जादा व्याजाच्या स्कीममध्ये, कुणाचे मोबाइलवरच्या एका लिंकपायी. जिन्यात भेटल्यावर कुणी ते सांगत नाही. घरातसुद्धा सांगत नाहीत, आणि त्यानेच जास्त बिघडतं. अशा घरांसाठी मला ट्वेन आठवला. आपण पुन्हा चुकणार नाही अशी शपथ घेण्यात फारसा अर्थ नसतो. तिजोरीची एक चावी आपल्याहून थंड डोक्याच्या माणसाकडे ठेवावी. तो माणूस घरात असेल तर उत्तमच. नसेल तर शेजारी पाहा. संध्याकाळी खालच्या बाकावर पेन्शनर मंडळी बसलेली असतात, त्यांच्यातले दोघे-तिघे तरी जन्मभर दुसऱ्यांचे हिशोब लावत आलेत. कागद घेऊन खाली या. चहा आमच्याकडे, आणि ऐकलेलं चौथ्या कानाला जाणार नाही.