अखंड विद्यार्थी : फ्रिट्झ वुंडरलिश

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील कुझेल या लहानशा गावी २६ सप्टेंबर १९३० रोजी फ्रिट्झ वुंडरलिश यांचा जन्म झाला. वडील वाद्यवृंदाचे संचालक, आई व्हायोलिनवादक. घरात संगीत होते. स्वास्थ्य मात्र फार काळ टिकले नाही. पहिल्या महायुद्धातील जखमेने जर्जर झालेल्या वडिलांचे कामही नाझी राजवटीत गेले आणि १९३५ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. पाच वर्षांच्या फ्रिट्झला आईने संगीताच्या शिकवण्या करून वाढविले.

१९५० मध्ये फ्राइबुर्ग येथील संगीत महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. मार्गारेटे फॉन विंटरफेल्ड यांच्याकडे ते गायन शिकू लागले. जोडीला हॉर्नवादनाचाही अभ्यास होता. शिक्षणाच्या खर्चासाठी ते रात्री नृत्याच्या कार्यक्रमांत वाद्ये वाजवीत.

१९५५ मध्ये श्टुटगार्टच्या ऑपेरागृहात त्यांची नियुक्ती झाली. प्रारंभी वाट्याला किरकोळ भूमिकाच येत. ज्येष्ठ गायक योझेफ ट्राक्सेल यांच्याऐवजी मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधील राजपुत्र टामिनोची भूमिका करण्याची संधी लाभली आणि त्यांचे नाव झाले. टेनर, म्हणजे पुरुषी गळ्याची उंच पट्टी. तीत वुंडरलिश यांचा स्वर तेजस्वी असूनही मृदू राही. साल्झबुर्ग, म्युनिक, व्हिएन्ना येथील रंगमंच त्यांना खुले झाले.

या यशाच्या भरातच त्यांनी एक कठीण निर्णय घेतला. ऑपेरातील गायन भव्य. पण केवळ पियानोच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या जर्मन भावगीतांत कवितेचा प्रत्येक शब्द तोलून उच्चारावा लागतो. तेथे आपण कमी पडतो, हे जाणून त्यांनी ३२ वर्षांनी वडील असलेले पियानोवादक हुबर्ट गीझेन यांचे मार्गदर्शन स्वीकारले. नामवंत गायक पुन्हा विद्यार्थी झाला. शूबर्ट व शूमान यांची गीते त्यांनी नव्याने अभ्यासली.

४ सप्टेंबर १९६६ रोजी एडिंबरा येथे गीझेन यांच्याच साथीने त्यांची मैफल झाली. त्यानंतर काही दिवसांतच एका मित्राच्या घरी जिन्यावरून पडून ते गंभीर जखमी झाले आणि १७ सप्टेंबरला हायडेलबर्ग येथे निधन पावले. छत्तिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातील पदार्पण अवघ्या तीन आठवड्यांवर आले होते.

एडिंबरा येथील त्या अखेरच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण सुदैवाने उपलब्ध आहे. कीर्ती लाभल्यावरही शिकत राहिलेला गायक कोठवर पोहोचला होता, हे त्यात ऐकू येते.