सावित्रीमाईंच्या शाळेला मिळालेला मान

३ जानेवारी जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांत आणि महाविद्यालयांत एकच लगबग सुरू होते. प्रतिमेला हार, मेणबत्ती, त्रिसरण-पंचशील, एक-दोन भाषणे आणि मग शिक्षक-शिक्षिकांचा सत्कार. राज्य शासन शिक्षकांना जो पुरस्कार देते, तोही आज क्रांतिज्योती सावित्रीमाईंच्या नावाने दिला जातो. हे सगळे व्हायलाच हवे. पण माईंच्या स्वतःच्या शाळेला कोणता मान मिळाला, तो कशाच्या बळावर मिळाला आणि त्यानंतर त्या शाळांचे काय झाले, हे आपण मंचावरून क्वचितच सांगतो. म्हणून यंदा माईंचे चरित्र आम्ही त्याच अंगाने मांडत आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, जोतीराव तेरा वर्षांचे. माहेरी त्यांना अक्षरओळख नव्हती. लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना शिकवले. जोतीरावांना आईच्या मायेने वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर याही या शिक्षणात सोबत होत्या. पुढे अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. ही बाब आपण नीट लक्षात ठेवली पाहिजे. माई केवळ तळमळीने वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. शिकवायचे कसे, हे त्या आधी शिकल्या होत्या.

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडेवाड्यात, फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. मोजक्या मुलींनी सुरू झालेल्या या शाळेच्या शिक्षिका होत्या अवघ्या सतरा वर्षांच्या सावित्रीबाई. त्याच काळात महार-मांग मुलामुलींसाठीही वर्ग सुरू झाला. सनातनी पुण्याने याचे उत्तर कसे दिले, ते आपल्याला माहीत आहे. रस्त्यात शेण, चिखल, दगड, शिव्या. शाळेत पोहोचल्यावर बदलायला माई एक जादा लुगडे सोबत नेत. हल्ला केवळ रस्त्यावरच होता असे नाही. समाजाच्या दडपणाखाली जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी १८४९ मध्ये मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्याच घरातील फातिमा शेख माईंच्या सहकारी झाल्या. मुली आणि अस्पृश्य मुले शाळेत यावीत म्हणून लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार घरोघरी फिरले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्रही जोतीरावांच्या पाठीशी होते. ही शाळा म्हणजे एकट्यादुकट्याचा पराक्रम नव्हता. जातीच्या भिंती ओलांडून जमलेल्या माणसांची ती संघटना होती.

पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली. पण फुले दांपत्य थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतील चिपळूणकर वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. चार वर्षांपूर्वी मोजक्या मुली मिळवताना दमछाक झाली होती. आता मुलींची संख्या शेकड्यात मोजावी लागत होती. त्या काळच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने सरकारी शाळांतील मुलांपेक्षा जोतीरावांच्या शाळांतील मुलींची संख्या कितीतरी जास्त असल्याची आणि तिथली शिकवण्याची व्यवस्था सरस असल्याची नोंद घेतली.

ही कीर्ती कुणाच्या शिफारशीने मिळालेली नव्हती. या शाळा आपल्या मुलींची परीक्षा लोकांसमोर घेत असत. वाचन, गणित, व्याकरण, भूगोल, नकाशे हे सगळे मुलींना येते की नाही, ते ज्याला हवे त्याने यावे आणि पाहावे. फेब्रुवारी १८५३ मध्ये पुण्यात झालेल्या अशाच एका परीक्षेला २३७ मुली बसल्या आणि ती पाहायला सुमारे तीन हजार लोक जमले. मुलीने अक्षर गिरवले तर घरावर संकट येते, असे मानणाऱ्या शहरातील ही गर्दी होती. ज्या रस्त्यांवर शिक्षिकेला चिखल मारला गेला, त्याच रस्त्यांवरून लोक तिच्या विद्यार्थिनींची उत्तरे ऐकायला गेले. आमच्या मते या शाळेला मिळालेला पहिला खरा मान तो हाच.

सरकारी मान त्याच्या काही महिने आधी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मिळाला. विश्रामबागवाड्यात समारंभ झाला. मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शाल देऊन त्यांच्या शिक्षणकार्याचा गौरव करण्यात आला. जागा कोणती, याकडे जरा लक्ष द्या. विश्रामबागवाडा हा दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. ज्या पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, त्या पेशवाईच्या शेवटच्या धन्याच्या वाड्यात, महार-मांगांना शिकवणाऱ्या माळ्याचा सत्कार झाला. पेशव्यांच्या काळी ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतूनही या शाळांना मदत मिळू लागली. सनातन्यांचा जळफळाट झाला, यात नवल काय?

शाल पडली ती जोतीरावांच्या खांद्यावर. पण परीक्षेत मुली ज्या उत्तरांमुळे उजळून निघाल्या, ती तयारी वर्गात कुणी करून घेतली होती? रोज सकाळी घराबाहेर पडणाऱ्या माईंनी आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी. जोतीरावांना याची पुरेपूर जाणीव होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी या शाळांच्या कामात पत्नीचा वाटा होता, हे नोंदवून ठेवले. नवऱ्याने बायकोच्या कामाची नोंद सरकारदरबारी करावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या शाळेची गुणवत्ता पाहायची असेल तर तिच्या विद्यार्थिनींकडे पाहावे. चरित्रकारांनी नोंदवलेला एक प्रसंग आहे. बक्षीस समारंभात एका मुलीने पाहुण्यांना सांगितले की आम्हाला खेळणी आणि खाऊ नको, आमच्या शाळेला ग्रंथालय द्या. दुसरी विद्यार्थिनी मुक्ता साळवे. या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापला गेला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, ते वाचण्याचा अधिकार आम्हाला नसेल, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा प्रश्न त्या किशोरवयीन मुलीने विचारला. या प्रश्नाचे उत्तर मिळायला १०१ वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा आपल्या समाजाने ते उत्तर दिले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतीरावांना गुरू मानले, ते उगीच नाही. भिडेवाडा आणि दीक्षाभूमी यांना जोडणारा रस्ता मुक्ताच्या वहीतून जातो, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आता पुढचा भाग, जो सत्काराच्या भाषणात येत नाही. शाल मिळाली, वृत्तपत्रांत कौतुक झाले, पण शाळांचा खर्च काही कौतुकावर भागत नव्हता. १८५७ च्या उठावानंतर युरोपियन देणगीदारांचा हात आखडला, सरकारही सावध झाले. १८५८ मध्ये जोतीराव शाळांच्या व्यवस्थापनातून बाहेर पडले आणि पुढे या शाळा टिकल्या नाहीत. ज्या शाळेचा गौरव वाड्यात झाला, तिला चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र कुणी घेतली नाही. हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, तिच्यामागे हा अनुभव होता. काही भल्या माणसांच्या देणगीवर बहुजनांचे शिक्षण उभे राहू शकत नाही, ते सरकारचे कर्तव्य असले पाहिजे, हे त्यांना कळून चुकले होते.

शाळा गेल्या तरी माईंमधली शिक्षिका गेली नाही. १८५४ मध्ये त्यांचा काव्यफुले हा संग्रह आला होता. १८६३ मध्ये दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे माईंनी स्वतः केली आणि तिथलाच यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे माईंनी हाती घेतले. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी माईंचे निधन झाले.

नंतर मान येतच राहिले. १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला माईंचे नाव मिळाले. राष्ट्रीय स्मारकासाठी भिडेवाड्याची मोडकळीस आलेली वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. ज्या वाड्यात देशाला शिक्षिका मिळाली, त्याचे स्मारक व्हावे म्हणून कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, हे विसरून चालणार नाही.

तरुण मित्रांनो, माईंच्या नावाचा पुरस्कार देणारे हात एकीकडे आहेत आणि दुसरीकडे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा चालू आहे. वाडी-तांड्यावरची शाळा दूर गेली की आधी मुलीचे शिक्षण थांबते. १८५२ ची शाल आणि १८५८ चा शेवट यांतून आपण एवढे तरी शिकले पाहिजे की गौरव झालेली शाळाही राखावी लागते, ती आपोआप टिकत नाही.

म्हणून आमचे एक साधे सांगणे आहे. येत्या जयंतीला शाल आणि नारळ यांवरचा खर्च थोडा कमी करा. आपल्या वस्तीतील शाळेत जा, शाळा व्यवस्थापन समितीत बसा, पोरींना वाचता येते का ते त्यांच्याजवळ बसून पाहा. चांगले शिकवणाऱ्या बाईंचा सत्कार तिच्या विद्यार्थिनींनी चारचौघांत वाचून दाखवलेल्या धड्याने करा. आणि विहारात एक कपाट पुस्तकांसाठी रिकामे करा. त्या मुलीने मागितलेले ग्रंथालय अजून आपल्या अनेक वस्त्यांना मिळायचे आहे.

क्रांतिज्योती सावित्रीमाईंना विनम्र अभिवादन!

जय भीम, जय जोती, जय सावित्री!