दीपगृहावरील थकलेल्या पाहुण्यांचे कैवारी : याकोबस टायसे

काळोख्या रात्रीं दीपगृहाचा प्रकाश नावाड्यास जीवदान देतो, हें आपण सर्व जाणतों. परंतु त्याच प्रकाशापायीं असंख्य पक्ष्यांचे प्राण जात असत, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. ही गोष्ट ज्या एका शिक्षकाच्या मनास लागली, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें.

याकोबस पीटर टायसे यांचा जन्म २५ जुलै १८६५ रोजीं हॉलंडमधील मास्ट्रिक्ट गांवीं झाला. आम्स्टरडॅम येथें शिक्षण घेऊन त्यांनीं अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. १८९० च्या सुमारास ते टेसेल बेटावरील एका शाळेचे मुख्याध्यापक झाले. तें बेट म्हणजे पक्ष्यांचें माहेरघर. तेथें त्यांचें पक्षिप्रेम दृढ झालें. आम्स्टरडॅमला परतल्यावर एली हाइमन्स या शिक्षकमित्रासह त्यांनीं मुलांसाठीं सोपीं निसर्गपुस्तकें लिहिलीं व १८९६ सालीं एक निसर्गविषयक मासिक सुरू केलें.

१९०४ सालीं आम्स्टरडॅम शहराचा केरकचरा नार्डरमेर सरोवरांत टाकण्याचा बेत निघाला. टायसे यांनीं त्याविरुद्ध लेखणी उचलली आणि तो बेत फसला. एवढ्यावर संतुष्ट न राहतां उभय मित्रांनीं १९०५ सालीं निसर्गरक्षणार्थ संस्था स्थापन करण्यांत पुढाकार घेतला. त्या संस्थेनें पुढील वर्षीं तें सरोवरच विकत घेतलें.

टेरस्केलिंग बेटावर १५९४ सालीं बांधलेलें ब्रान्डारिस नांवाचें दीपगृह आहे. शरदृतूंत दक्षिणेकडे जाणारे पुष्कळ पक्षी रात्रीं प्रवास करतात. आकाश ढगाळलें कीं ते प्रकाशाकडे ओढले जात, मनोऱ्याभोवतीं घिरट्या घालीत, आणि शेवटीं कांचेवर आपटून किंवा थकून खालीं कोसळत. दिवा विझवावा, तर जहाजें संकटांत! टायसे यांनीं ओळखलें कीं, थकलेल्या पांखरास टेकावयास जागा मिळाली तर तें वांचेल. त्यांच्या सूचनेवरून मनोऱ्यास शिडीसारखे दांडे बसविण्यांत आले. पक्षी त्यांवर रात्र काढीत व उजाडतांच मार्गस्थ होत. पहिल्या महायुद्धापूर्वीं इंग्लंडांतील पक्षिरक्षक संस्थेनेंही आपल्याकडील कांहीं दीपगृहांवर हाच उपाय योजिला. दिवाही राहिला आणि पांखरेंही राहिलीं.

१९२२ सालीं आम्स्टरडॅम विद्यापीठानें त्यांस सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. १९२५ सालीं, त्यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त, ब्लूमेंडाल येथें रानफुलांचें एक उद्यान त्यांच्या नांवें उभें राहिलें. देश शत्रूच्या ताब्यांत व लोक उपाशी, अशा भीषण हिवाळ्यांत ८ जानेवारी १९४५ रोजीं ते निवर्तले.

आज नगरोनगरीं कांचेच्या इमारती उभ्या आहेत. दिवसा त्यांत आकाश व झाडें प्रतिबिंबित होतात, आणि पक्षी त्यांसच खरें समजून धडकतात. रात्रीं आंतील दिवे त्यांस भुलवितात. येथें दांड्यांचा उपाय चालणार नाहीं. कांचेच्या बाहेरील बाजूस सुमारें ५ सेंटीमीटर अंतरानें ठिपके काढावे, आणि स्थलांतराच्या दिवसांत निरुपयोगी दिवे मालवावे, म्हणजे पुष्कळ जीव वांचतात. यास धन लागत नाहीं. डोळे उघडे लागतात. खिडकीखालीं पडलेलें पांखरूं पाहून जो विद्यार्थी हळहळून पुढें जातो तो दयाळू खरा. पण तें कां पडलें, असा विचार करून जो थांबतो, तोच टायसे यांचा शिष्य.