डॉ. चार्ल्स ब्लॅक्ली

भाद्रपद सरू लागला, म्हणजे जालन्याच्या माळांवरील गवतास तुरे फुटतात, शेतांचे बांध गाजर गवताने पांढरे होतात, आणि वर्गावर्गातून काही मुलांच्या शिंका सुरू होतात. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, कोणास दमही लागतो. वडील मंडळी हवा बदलली एवढेच म्हणून स्वस्थ बसतात. त्या हवेत नेमके काय असते, हे ज्या पुरुषाने स्वतःच्या देहावर प्रयोग करून दाखविले, त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

चार्ल्स हॅरिसन ब्लॅक्ली यांचा जन्म इ. स. १८२० मध्ये इंग्लंडातील बोल्टन गावी झाला. तरुणपणी ते मँचेस्टर येथे छपाई व खोदकामाच्या धंद्यात होते; परंतु फावल्या वेळी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मदर्शक यांचा अभ्यास करीत. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीचे शिक्षण आरंभिले, व १८५८ मध्ये ते वैद्य झाले.

दर उन्हाळ्यात त्यांस शिंका व सर्दीचा विकार जडत असे. लंडनचे डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्या अशाच विकाराचे वर्णन केले होते. कोणी ऊन, कोणी धूळ, तर कोणी वाळल्या गवताचा वास हे त्याचे कारण मानीत. ब्लॅक्ली यांनी १८५९ पासून ही कारणे एकेक करून तपासली. गवताचे पराग हुंगताच विकार उद्भवला. इतर पदार्थांनी तसा तो उद्भवला नाही. रस्त्यावरील धुळीने शिंका आल्या, तेव्हा ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तीतही परागच आढळले. पुढे त्यांनी आपल्या हाताची त्वचा किंचित खरवडून तीवर ओले पराग लाविले. तो भाग सुजून आला व खाजू लागला. जो त्रास टाळण्यासाठी इतर लोक घराबाहेर पडत नसत, तोच हा गृहस्थ सत्यासाठी पुनःपुन्हा ओढवून घेत असे.

हवेतील पराग मोजण्याकरिता ते चिकट काचपट्ट्या उघड्यावर ठेवीत व चोवीस तासांत पडलेले कण मोजीत. पराग वाढले की त्यांचा आजार वाढे, घटले की उतरे. पतंगास अशाच पट्ट्या बांधून त्या हजार फुटांहून अधिक उंच चढविल्या, तेव्हा तेथेही विपुल पराग सापडले. दूरच्या कुरणातील गवत शहरवासीयास का छळते, याचा उलगडा झाला. हे सर्व त्यांनी १८७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, व त्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. शेतात राबणाऱ्यांस हा विकार क्वचितच होतो, हे आपणास पुरते न उलगडलेले निरीक्षणही त्यांनी ग्रंथात प्रामाणिकपणे नोंदविले.

ब्लॅक्ली १९०० मध्ये निवर्तले. अॅलर्जी हा शब्ददेखील त्यानंतर, १९०६ मध्ये, व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी योजिला; आणि परागांच्या अर्काची टोचणी देऊन उपचार करण्याचा लेनर्ड नून यांचा प्रयोग १९११ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज आपल्या देशातील दवाखान्यांत रोग्याच्या हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईने टोचतात, ती ब्लॅक्ली यांच्याच परीक्षेची सुधारलेली रीत होय. आपल्या उष्ण प्रदेशात तीतून गवताच्या परागांबरोबरच गादी-उशीच्या धुळीत राहणारे अतिसूक्ष्म जीव, झुरळे, बुरशी व गाजर गवत हेही दोषी ठरतात. हे गाजर गवत परदेशातून आलेले असून १९५० नंतरच्या दशकात पुण्यास प्रथम नजरेत भरले, आणि मग देशभर पसरले.

तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या बाकावरील मुलगा शिंकू लागला तर त्यास हसू नका. त्याची शिंक कोणत्या दिवसांत, कोठे व कशाने सुरू होते, याची वहीत नोंद ठेवण्यास त्यास साहाय्य करा, आणि ती वही घेऊन त्यास वैद्याकडे पाठवा. ब्लॅक्ली यांच्या हाती आरंभी याहून फारसे मोठे साधन नव्हते.